सोजरबाईचा सौदा

मेडशीत कोणाले घर बांधाचं असलं, विहिरीले कठडा कराचा असला, का नुसती गोठ्याची भिंत उचलाची असली, तं लोकं मिस्तरीच्या आधी मले बलावत. गंमत नाही सांगून राह्यलो, विचारा कोणालेही. "जगदेवले येऊ द्या, मंग भावाचं बोलू," असं म्हणत. मिस्तरीनं बारा हजार सांगतले का मी आठावर आणो, आन् आठावर आणल्यावर दारातल्या दोन पायऱ्या फुकट बांधून घेवो. मेडशीतल्या अर्ध्या भिंती माह्या तोंडाच्या जोरावर उभ्या हायेत, असं मी छाती ठोकून सांगत होतो.

माही पद्धत सांगतो. मी पह्यले भाव विचारतच नव्हतो. पह्यले त्याच्या मागच्या कामाची खोट काढो. "दौलतरावच्या घराचा कोपरा तूच काढला न बे? गुण्यात हाये काय तो, बरोबर काटकोनात?" मिस्तरी जरासक ढिला पडला का मंग भाव. त्यानं आकडा सांगतला का मी हासो. हासून झालं का दुपट्टा झटको, खांद्यावर टाको आन् उठून फाटकाकडं चालाले लागो. घर माहंच, तरी उठून जाणारा मीच! पण फाटकापर्यंत कधी पोचलो नाही बाप्पा. त्याच्या आधीच मांगून आवाज ये, "बरं काका, या मांगं. तुमच्या मनासारखं."

सोजर, म्हणजे माही बायको, या साऱ्या टाइमात घरात राहे. एक शब्द मंधात बोले नाही. सौदा पटला का चहा घेऊन ये आन् मिस्तरीले म्हणे, "घ्या भाऊ." बस, एवढंच तिचं काम, असं मले वाटे.

सोजर मागच्या पोळ्यानंतर चार दिवसानं गेली. ताप काय आला, वाशीमले नेली काय, आन् तिसऱ्या दिवशी परत आणली ते अशी. तिच्यामांगं घरात मी एकटा. गमत नाही, जीव रमत नाही. दिवसभर वावरात राह्यलं तं जमते, पण घरी आलं का भांडाले कोणी नाही. टीव्हीवर तो पोट्टा सोयाबीनचे भाव सांगते, त्याले शिव्या देतो मी. पण तो उलटून बोलत नाही न! सोजर उलटून बोले. कमी बोले, पण असं बोले का माणूस दोन दिवस त्याच्यावर विचार करे.

आमाले एकच पोरगी, ज्योत्स्ना. कारंज्याले देल्ली. जवाई हरीओम जिनिंगात कामाले हाये, पोट्टा चांगला हाये. यंदा पोरगीले दिवस गेले. पह्यलं बाळंतपण मायरी, हे तं आपल्याकडचं ठरलेलंच. मी चैत्रापासून दिवस मोजून राह्यलो होतो. पोरगी येईन, लेकरू होईन, घरात कोणीतरी रडन, कोणीतरी ओरडन. सव्वा महिना तरी माहं घर घरासारखं होईन. मले दुसरं काहीच नको होतं.

तं जमनाबाईचा, म्हणजे तिच्या सासूचा, फोन आला. बाई वाईट नाही, पण बोलते अशी का सामोरच्याले बोट ठेवाले जागा राहत नाही.

"जगदेवभाऊ, सूनबाईले पाठवाले माही ना नाही. पण तुमच्या घरी संडास अंगणाच्या पल्याड, गोठ्याच्या मांगं. मिरग लागला का तिथं चिखल. पोटूशी पोरगी घसरली तं कोणाले तोंड दाखवाचं? खोलीले लागून संडास-बाथरूम बांधा, मिरगाच्या आत. मी सोता आणून सोडते. नाही तं बाळंतपण इथंच करू, त्यात काय."

त्यात काय! तिले काय म्हणाले जाते. पण बोलणं खरं होतं. माही बहीण गोमती गावातच देल्ली हाये, ती म्हणे, "दादा, बाळंतपण मी निभावून नेते. तू फक्त तेवढं बांधकाम करून घे." म्या म्हणलं, बांधकाम? हे तं माह्या डाव्या हातचा मळ हाये.

विटा, रेती, सिमिट, सारा माल म्या चार दिवसात आणून टाकला. आता फक्त मजुरीचा सौदा.

पह्यला मिस्तरी मालेगावचा आला. जागा पाह्यली, पायानं मोजली आन् म्हणे, "माल तुमचा, मजुरी छत्तीस हजार. खड्ड्यासकट." म्या त्याच्या मागच्या कामाची खोट काढली. मंग हासलो. "चोवीस," म्हणलं, दुपट्टा झटकला आन् निघालो. मांगून आवाज नाही. जरासा सावकाश चाललो. तरी नाही. फाटक आलं. आता फाटकात उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून भाहेर रस्त्यावर गेलो. तिथं मी उभा, आपल्याच घराच्या भाहेर, कोठी जाचं ते मालूम नाही! तेवढ्यात मिस्तरी आला, गाडीले किक मारली आन् "येतो काका" म्हणून निघून गेला.

दुसरा पातूरचा. तो म्हणे, "चोवीसात आता खड्डाच होते काका, वरचं तुमी उघड्यावर करा." लय चाबरा होता. त्याले म्याच हाकललं.

तिसरा गावातलाच, गणेश, फरशीवाला. सोजर असताना यानंच आमच्या सैपाकघरात फरशी बसवली, म्या सांगतल्या भावात बसवली, कुरकूर नाही. त्याले चोवीस म्हणलं तं पोट्टा खाली पाहून हासला. म्हणे, "काका, आता तसं जमत नाही."

"तसं म्हणजे कसं बे?"

"काही नाही काका," म्हणे, आन् गेला.

मले असा राग आला का काय सांगू. सोजर जाऊन दहा महिने नाही झाले आन् साऱ्या जगाची नियत फिरली! माहं तोंड तेच, दुपट्टा तोच, मंग लोकाईले झालं तरी काय? का बुढा एकटा पडला म्हणून हे लुटाले बसले? असंच असन, दुसरं काय.

मंधात ज्योत्स्नाचा फोन आला. "बाबा, सुरू झालं काय काम?"

"झालं न. खड्डा खोदून राह्यले," म्या म्हणलं. खड्डा कायचा, एक टिकास नव्हतं पडलं. पण पोरगीले नाही कसं म्हणू? ती "बरं" म्हणे. त्या "बरं"मंधी जीव नव्हता. मले वाटलं पोटूशी पोरगी हाये, थकली असन.

वैशाख अर्धा झाला तवा मी धम्मरत्नाकडं गेलो. त्याले मी शेवटाले ठेवला होता. हा माणिकराव मिस्तरीचा पोरगा. माणिकरावनं तीस वर्षं माह्या घरचं सारं काम केलं. समोरची खोली त्याची, विहिरीचा कठडा त्याचा, वरचा स्लॅब त्याचा. मी आकडा म्हणो, माणिकराव हो म्हणे. तीन वर्षं झाले तो वारला. पोट्टा बापाच्या हाताखाली तयार झाला, आता वाशीमपर्यंत त्याले बलावणं येते. म्या म्हणलं, माणिकरावचा पोरगा हाये, तो कायले नाही म्हणते.

विहाराच्या बाजूले त्याईचं घर. दारात त्याची माय केशरबाई तूर पाखडत बसली होती. "या जगदेवभाऊ, जयभीम," म्हणे. म्याही जयभीम म्हणलं आन् बाजेवर बसलो. धम्मरत्न दोन दिवसाआधी जागा पाहून गेल्ता, म्हणून डायरेक्ट भावावरच आलो.

"छत्तीस, काका," म्हणे.

म्हणजे हे सारे मिळूनच होते! "चोवीस," म्या म्हणलं.

"नाही जमत काका. खरंच नाही जमत."

आता त्याच्या घरून दुपट्टा झटकून उठाचं तं खरंच निघून जा लागन. म्हणून मी उठलो नाही, तोंडच सोडलं. "अबे, तुह्या बापानं तीस वर्षात मले नाही म्हणलं नाही! एक बार नाही! आन् तू त्याचा पोरगा असून मले छत्तीस सांगतं? माणिकराव असता तं तुह्या कानाखाली देल्ली असती."

पोट्ट्यानं मायकडं पाह्यलं. केशरबाईचं सूप थांबलं.

"सांगू काय रे?" तिनं त्याले विचारलं.

"सांग न माय. कवातरी सांगाच लागन."

"भाऊ, पह्यले चहा घ्या," केशरबाई म्हणे. चहा आला, म्या घेतला. कप खाली ठेवला तशी ती म्हणे, "आमच्या मालकानं तुमाले कधी नाही म्हणलं नाही, कारण सोजरबाई होती."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमी तिकडं ओसरीत सौदा करत, आन् आमी दोघी इकडं चक्कीवर."

मले काहीच समजलं नाही. मंग तिनं सारं सांगतलं, तूर पाखडता पाखडता, जसं काही कालचीच गोष्ट हाये.

मी मिस्तरीले आठावर आणो. दुसऱ्या दिवशी सकाळी सोजर दळणाचा डबा घेऊन चक्कीवर जाये. तिथं केशरबाई ये. चक्कीच्या आवाजात कोणाले काही ऐकू येत नाही. सोजर विचारे, "केशर, खरा भाव किती वं?" केशरबाई सांगे, साडेदहा. मंग वरचे अडीच सोजर दे. एका बारनं नाही, जसे जमन तसे. कधी पैसे, कधी भरडलेली डाळ, कधी डब्यात गव्हाखाली लपवून तुपाची बरणी. पूर्ण भाव फिटेपर्यंत दळण चालू राहे.

"खोटं हाये हे," म्या म्हणलं. "तिच्याजोळ पैसे कोठून येतीन?"

"तुमच्या घरी डाळ कोण भरडे भाऊ? म्हशीचं तूप कोण कढवे?"

बाप्पा! तूप घरात टिकत नाही म्हणून मी सोजरसंग भांडलो होतो. ते तूप ती आपल्या भावाले पाठवते, असं माह्या डोक्यात बसलं होतं. त्या भल्या माणसासंग मी सात वर्षं बोल्लो नाही. तो सोजरच्या मयतीले आल्ता, तवाही मी तोंड फिरवून बसलो होतो.

"आन् तिचे तोडे?" केशरबाई म्हणे. "आठवतात?"

आठवत कसे नाहीत. चांदीचे तोडे, तिच्या मायनं देल्ले. जत्रेत नदीवर पाय धुताना गेले, असं तिनं मले सांगतलं होतं. म्या तीन दिवस तिले बोल लावले होते, "डोकं कोठी ठेवतं? पायातले तोडे जातात आन् तुले समजत नाही?" ती खाली मान घालून ऐकत होती.

"नदीत नाही गेले. वरच्या स्लॅबच्या टाइमाले तुमी लय कमी केलं होतं. आमी दोघी यष्टीनं मालेगावले गेलो, सोनाराकडं. म्या लय नाही म्हणलं. तं मले म्हणे, माणिकभाऊची मजुरी ठेवून पायात चांदी घालाले मले नाही गमत." तिनं सूप खाली ठेवलं आन् सरळ माह्याकडं पाह्यलं. "भाऊ, एक सांगून ठेवते. दान नव्हतं ते. आमच्या मालकाच्या घामाचे होते. सोजरबाईही तसंच म्हणे, उपकार नाही करून राह्यली केशर, तुमचंच तुमाले देऊन राह्यली."

"आन् बाकीचे? गणेश? दारं बसवणारा तो सुतार?"

"सारेच भाऊ. साऱ्याईले माहीत होतं. जगदेवभाऊ म्हणतीन त्याले हो म्हणाचं आन् सकाळी बायकोले चक्कीवर पाठवाचं. तुमी दौलतरावचा सौदा करून देल्ला होता न? त्याईच्या घरची बी वरचे पैसे घेऊन चक्कीवर आल्ती." ती जराशी हासली. मंग तिचं हासू गेलं. "आता कोणी कसं हो म्हणन? चक्कीवर तुमचं कोणी राह्यलं नाही न भाऊ."

मी उठलो. दुपट्टा तिथंच बाजेवर राह्यला, धम्मरत्न मांगून घेऊन पळत आला. म्या त्याच्या हातातून हिसकला.

घरी आलो तं अंगाची आग होऊन राह्यली होती. साऱ्या गावानं मले येडं बनवलं! तीस वर्षं मी मिशीले पीळ देत फिरलो, आन् ओट्यावर बसून बाया माह्यावर हासल्या असतीन. आन् या साऱ्याच्या मुळाशी कोण, तं माही बायको! "सोजर!" म्या घरात उभं राहून आवाज देल्ला, पूर्ण जोरानं, जसा ती असताना देत होतो तसा. "सोजर, इकडं ये! जाब दे मले!" गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. दुसरं कोणी आलं नाही.

मी तिथंच सैपाकघरात बसलो आन् रडलो. सोजर गेली त्या दिवशीही मी इतका रडलो नव्हतो. तवा लोकं होते, तेरवीचं पाहाचं होतं, कोणाले काय कमी-जास्त पाहाचं होतं. आता मले ती पायजे होती. भांडाले पायजे होती. "काहून केलं असं?" एवढं एक विचाराचं होतं मले, आन् ते विचाराले जगात जागा नव्हती. तिचे पाय आठवून पाह्यले म्या. तोडे गेल्यानंतरचे पाय. तं मले आठवेच ना! म्या पाह्यलेच नव्हते कधी. बोल लावले तीन दिवस, पण खाली पाह्यलं नाही.

सकाळी उठलो आन् धम्मरत्नाले फोन केला. "ये घरी, भावाचं बोलू."

आता तुमी म्हणसान, सरळ छत्तीस म्हणून टाकाव का नाही. हाव, म्याही रातभर तेच सोताले म्हणत होतो. पण मले तसं कराचंच नव्हतं. मी ओसरीत छत्तीस म्हणलो असतो तं काम झालं असतं, पोरगी आली असती, सारं झालं असतं. पण सोजर तीस वर्षं ज्या जागी जाऊन उभी राह्यली, ती जागा म्या पाह्यली नव्हती. मले तिच्या जागी एकदा उभं राहाचं होतं.

पोट्टा आला. म्या त्याच्या मागच्या कामाची खोट काढली. शाळेजोळची भिंत वाकडी हाये म्हणलं, ती सूत लावल्यासारखी सरळ हाये. त्यानं छत्तीस सांगतले. मी हासलो. हासू काही नीट आलं नाही. "चोवीस," म्हणलं, दुपट्टा झटकला आन् फाटकाकडं निघालो. यानंही आवाज नाही देल्ला तं?

"बरं काका," मांगून आवाज आला. "या मांगं. तुमच्या मनासारखं."

निरा बापाचा, माणिकरावचाच आवाज. म्या मांगं वळून पाह्यलं तं पोट्ट्याचे डोळे भरले होते. केशरबाईनं त्याले सांगून पाठवलं असन, का त्याचं त्यालेच समजलं, ते म्या विचारलं नाही. चहा मात्र म्याच केला. साखर जास्त झाली होती. "घ्या भाऊ," म्हणाले माह्या तोंडातून निघालं नाही, नुसता कप त्याच्या सामोर ठेवला.

दुसऱ्या दिवशी डब्यात पाच किलो गहू घेतले आन् चक्कीवर गेलो. गोमती माह्या घरचं दळून आणे, म्हणून मी इतके महिने तिकडं फिरकलो नव्हतो. खरं तं जिंदगीत फिरकलो नव्हतो. तिथं सात-आठ बाया बसल्या होत्या. मले पाहून एकीनं पदर सावरला. दुसरी म्हणे, "काका, ठेवून जा डबा, मी आणून देते दळून."

"नाही बाई, थांबतो मी," म्या म्हणलं आन् भिंतीले टेकून उभा राह्यलो, डबा पायाजोळ घेऊन. लाज वाटून राह्यली होती, खोटं कायले बोलू. पिठाची धूळ नाकात जाये. मले वाटलं, सोजर कोठी उभी राहत असन? आतमंधी पट्ट्याजोळ, का इथंच भिंतीपाशी? कोणाले विचारू?

केशरबाई कंबरेवर डबा घेऊन आली. मले पाहून जराशी थबकली, मंग जवळ येऊन डबा खाली ठेवला. चक्की जोरात चालू होती.

"केशरबाई," म्या म्हणलं, "खरा भाव किती वं?"

तिनं तोंडाले पदर लावला. मंग म्हणे, "पस्तीस. एक हजार पोट्ट्यानं तुमच्या घासाघिशीसाठी वर टाकला होता."

हासलो मी. खरंच हासलो. गव्हात हात घालून पाकीट काढलं, त्यात बारा हजार होते. तिनं मोजले, एक हजार वापस माह्या हातावर ठेवले. "जेवढे हक्काचे तेवढेच," म्हणे, आन् बाकीचे आपल्या ज्वारीत खुपसले. सौदा झाला. म्या जिंदगीत किती सौदे केले, पण सामोरच्याच्या तोंडावर असं समाधान म्या त्या दिवशी पह्यल्यांदा पाह्यलं.

पण मले एक विचाराचं होतं. ते विचारल्याबिगर मी जाणार नव्हतो.

"हासे काय वं ती मले? चक्कीवर येऊन?"

केशरबाईनं मान हालवली. "नाही भाऊ. एकदा म्याच तिले म्हणलं होतं, सोजरबाई, एकदाचं सांगून टाक न त्याईले, कायले आपला जीव आटवतं. तं म्हणे, नको वं. सौदा जिकून आले का त्या दिवशी ते जेवताना म्हणतात, भाजी चांगली झाली. एरवी नाही म्हणत."

चक्की बंद झाली. चक्कीवाला ओरडून राह्यला होता, "कोणाचा डबा? काका, तुमचाच हाये काय?" माहाच होता. माह्याच्यानं उचलेच ना तो. शेवटी केशरबाईनं उचलून पट्ट्याजोळ ठेवला.

भाजी चांगली झाली. अरे, एवढंसं बोलणं! फुकटचं होतं न बाप्पा! रोज म्हणलो असतो. दोन टाइम म्हणलो असतो. त्याच्यासाठी तिनं तोडे मोडले, तूप मोडलं, भावाचं नाव खराब होऊ देल्लं, आन् साऱ्या मेडशीत घासाघीस करणारा मी, मले माह्याच घरातला भाव समजला नाही.

सोमवारी धम्मरत्नानं टिकास मारलं. दुपारी ज्योत्स्नाचा फोन आला. टिकासाचा आवाज तिले तिकडं ऐकू गेला असन.

"आज सुरू झालं न बाबा?" म्हणे.

"हाव. आजच. तवा म्या खोटं सांगतलं होतं."

"मले माहीत होतं. म्या सासूबाईले सांगूनही टाकलं होतं का बाळंतपण इथंच करू, बाबाच्यानं होणार नाही." मंग तिनं विचारलं, "किती कमी केले?"

"बारा."

तिनं लगेच विचारलं,

"मंग चक्कीवर कोण गेलं, बाबा?"

म्हणजे पोरगीलेही माहीत होतं! सारं जग एकीकडं आन् जगदेव एकीकडं! एरवी असतं तं मी फोन आपटला असता.

"मीच गेल्तो," म्या म्हणलं.

तिकडून रडण्याचा आवाज आला. "मी सासूबाईले सांगते," ती रडता रडता म्हणे. "मी मेडशीलेच येते. मिरगाच्या आधी येते." मंग नाक ओढून तिनं विचारलं, "आईची आठवण येते काय बाबा?"

हे असं कोणी विचारलं का मी खेकसतो. कामं नाहीत काय तुमाले, म्हणतो. त्या दिवशी खेकसाले जमलं नाही.

"येते," म्या म्हणलं. "लय येते वं पोरी. तिनं मले अजून एकदा फसवावं, असं वाटते."